टेलला नेट पोचेना

आमच्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरना एक खोड होती. मी खोलीत नसले की त्यांचं नेट जायचं आणि मी येऊन बसले की परत यायचं. सुरुवातीला मुली याला माझा हातगुण म्हणाल्या. पुढे त्या काही न म्हणता नुसत्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि लोकांनी नुसतं बघत राहणं मला फारसं सोसत नाही.

ही अभ्यासिका देवळाली प्रवरात, एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीत आहे. खाली हॉल आणि वर दोन खोल्या, एक मुलांची, एक मुलींची. मुलींच्या खोलीत पाच जुने कॉम्प्युटर होते, कुठल्या तरी ऑफिसने नवे घेतल्यावर देऊन टाकलेले. मी नगरहून कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून नुकतीच घरी आले होते. आईने ट्रस्टच्या अध्यक्षांना परस्पर सांगून टाकलं, "आमची मुलगी बघेल ते." मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. तेव्हा विचारलं नाही हे बरंच झालं.

बँक असो, तलाठी असो, आता बहुतेक परीक्षा कॉम्प्युटरवरच द्याव्या लागतात. मोबाईलवर सराव केलेल्या मुलीच्या हातात परीक्षेला एकदम माऊस आला की तिचा अर्धा जीव त्या बाणाला योग्य जागी नेण्यातच जातो. म्हणून दर रविवारी सकाळी मुली इथे येऊन एक ऑनलाइन सराव परीक्षा द्यायच्या. तिची अट कडक होती. मध्येच नेट तुटलं तर पेपर जिथे असेल तिथे जमा व्हायचा, परत उघडायचा नाही. लागोपाठ दोन रविवार तसं झालं.

सोमवारी अध्यक्ष वर आले. माणूस वाईट नाही, आवाज मऊ. त्यांना कुणीतरी व्यायामाची यंत्रं देणार होतं आणि ती ठेवायला जागा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"ताई, मी मुलींच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "पण जे चालतच नाही ते मांडून ठेवायचं कशाला? येत्या रविवारी मी स्वतः इथे बसतो. पेपर नीट पार पडला तर खोली तुमची. नाहीतर कॉम्प्युटर झाकून ठेवू आणि मुलींना मुलांच्या खोलीत एका बाजूला बसवू."

मी मान हलवली. ते खाली गेल्यावर शेवटच्या, म्हणजे पाचव्या कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी म्हणाली, "मुलांच्या खोलीत एका बाजूला? मग आमचे पप्पा म्हणतील, त्यापेक्षा घरीच एका बाजूला बस." ती कालव्याच्या पलीकडच्या वस्तीवरून सायकलवर यायची. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकीच्या घरात हेच वाक्य तयार होतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की हे आपण सोडवायचंच. कुणाला बोलून दाखवलं नाही, फक्त डबा बांधून घेऊन सकाळीच जायला लागले.

आमची जोडणी जरा आडवळणाची होती. आधी राउटर होता, तो विजा कडाडल्या तेव्हा जळाला. केबलवाल्या दादांनी तात्पुरता उपाय म्हणून बाहेरून येणारी लाईन दाराजवळच्या पहिल्या कॉम्प्युटरला लावली. त्या कॉम्प्युटरमधून दुसरी एक वायर निघून भिंतीवरच्या चपट्या डबीत जायची आणि त्या डबीतून चार वायरी बाकीच्या चार कॉम्प्युटरकडे. म्हणजे नेट आधी पहिल्याकडे यायचं आणि तो ते इतरांना वाटायचा. त्याच्यावर भार नको म्हणून मी तिथे मुलींना बसू देत नसे. मी उठले की तो आपला रिकामाच चालू असायचा. नवीन राउटर आणू का, असं मी अध्यक्षांना विचारलं होतं. ते म्हणाले, आधी आहे ते का चालत नाही ते सांगा, नाहीतर नवीन आणूनही हेच व्हायचं. हे मला तेव्हा लागलं, पण ते चुकीचं नव्हतं.

पहिल्या कॉम्प्युटरशेजारी, दारातच, स्टुलावर आजोबा बसायचे. ते खोली उघडायचे, बंद करायचे, माठ भरायचे. जन्मभर त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काम केलेलं. धरणाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की कुठल्या चारीचं दार किती उघडायचं, कुणाच्या शेताचं भरणं झालं, कुणाचं राहिलं, हे बघत ते हेडपासून टेलपर्यंत, म्हणजे चारीच्या तोंडापासून शेवटच्या वावरापर्यंत, रात्री-अपरात्री फिरलेले. मुलींच्या घरचे निर्धास्त असायचे ते आजोबा दाराशी आहेत म्हणून. मी फारशी बोलत नाही आणि त्यांनाही त्याची गरज वाटत नसे. आम्ही दोघं तीन हातांच्या अंतरावर बसून अख्खा दिवस न बोलता काढायचो, आणि मला ही व्यवस्था फार आवडायची.

आधी मला वाटलं, पहिला कॉम्प्युटर झोपत असेल. कुणी हात लावला नाही की ही यंत्रं आपोआप झोपी जातात, आणि वाटणाराच झोपला तर बाकीच्यांना कोण देणार? मी सेटिंग उघडून पाहिलं तर खरंच, थोडा वेळ हात लागला नाही की झोप, असं ठेवलेलं होतं. मी इतकी खूश झाले की ते बदलून लगेच सामोसे मागवले. सामोसे खाऊन होतात न होतात तोच नेट गेलं. मी जाऊन पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसले. नेट आलं.

मग मी त्याच्या नेटवर्क कार्डाची वीज वाचवायची सोय बंद केली. वायरींची जुनी टोकं कापून नवी बसवली. आठ बारीक रंगीत तारा ठराविक क्रमाने लावायच्या असतात. पहिली दोन टोकं वाया गेली, तिसरं जमलं. पत्ते तपासले, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरला जो आकड्यांचा पत्ता मिळतो तो दोघांना एकच तर नाही ना, हे पाहिलं. तसं काही नव्हतं. केबलवाल्या दादांना फोन केला.

"लाईन ओके आहे, मॅडम. तुमच्याच आत काहीतरी असेल."

"आत म्हणजे कुठे?"

"रीस्टार्ट करून बघा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रीस्टार्ट केलं. सगळं छान चाललं. मी खाली डबा खायला गेले आणि वरून हाक आली, "ताई, गेलं."

जिन्यातून वर येताना मुलींचं बोलणं ऐकू येत होतं.

"ताईंनी इथंच राहायला यावं."

"नाहीतर त्यांचा एक फोटो चिकटवू त्या कॉम्प्युटरवर. त्याला वाटेल बसल्यात."

"रविवारी अध्यक्षांना सांगू, ताई आमच्या राउटर आहेत."

मी आत आल्यावर त्या गप्प झाल्या. पण फोटोची गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. मी आल्यावर नेमकं करते काय? दर वेळी काहीतरी वेगळं तपासते, पण एक गोष्ट दर वेळी सारखी असते. मी पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसते. म्हणजे नेट माझ्या कुठल्याच उपायाने येत नव्हतं, माझ्या बसण्याने येत होतं. हे यंत्राला कसं कळत असेल ते मला समजेना. पण बसायचं नाही, एवढं तरी करून बघता येत होतं.

गुरुवारी मी पाचव्या कॉम्प्युटरच्या मुलीशेजारी स्टूल ओढून बसले. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन लहान काळ्या खिडक्या उघडल्या. एक पहिल्या कॉम्प्युटरला सारखं विचारत राहणार, आहेस का, आहेस का. दुसरी तेच बाहेरच्या जगाला विचारणार. उत्तर येत राहिलं की ओळी वर सरकतात. बाहेरची खिडकी एकटी थांबली तर दोष केबलवाल्यांच्या लाईनीत. दोन्ही थांबल्या तर दोष याच खोलीत.

बराच वेळ दोन्ही खिडक्या सरकत राहिल्या. मग त्या मुलीचं पान उघडायला उशीर लागला आणि ती मान न वळवता, सवयीने म्हणाली, "आजोबा, इकडं लई स्लो झालंय."

हे ती रोजच म्हणायची. मला वाटायचं, उकडतंय म्हणावं तसं ते म्हणते.

थोड्या वेळाने दोन्ही खिडक्या थांबल्या.

माझं अंग आपोआप उठायला निघालं. मी स्टुलाची कड धरून खाली बसले आणि फक्त मान वर केली. आजोबा डबीपाशी उभे होते. त्यांच्या बोटांत एका वायरीचं टोक होतं. ते शांतपणे आमच्याकडे, पाचव्या कॉम्प्युटरकडे बघत होते, जणू इकडून काहीतरी येताना दिसायची वाट बघत होते. "ताई, गेलं," कुणीतरी म्हणालं. आजोबांनी माझ्या नेहमीच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी का उठत नाही हे त्यांना कळेना.

मी उठून त्यांच्यापाशी गेले. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं. "आजोबा, ही वायर," एवढंच म्हणाले.

"मीच काढली," ते म्हणाले. लपवायचं काही नव्हतंच त्यांच्या आवाजात. "कोन बसलंय का तिथं? न्हाई. आन हा दिवा बघ."

डबीवर प्रत्येक वायरीचा एक हिरवा दिवा असतो. नेट जाऊ-येऊ लागलं की तो लुकलुकतो.

"समद्यात जास्त ह्याचाच दिवा नाचतोय. रिकाम्या वावरात पानी चाललंय दिवसभर, आन तिकडं टेलची पोर वरडतीया. मग बंद नको करायला?"

"आणि मी येऊन बसले की?"

"तू बसलीस की ते तुझं वावर झालं. तुझं पानी तुला द्यायला नको व्हय? तू पडद्यात बघतीस, तवर लावतो परत."

"पण तुम्ही वायर काढली की सगळ्यांचंच जातं ना, आजोबा?"

"जानारच. हेडचं दार लावलं म्हून लगीच टेलला पानी पोचतंय का? चारी भरंस्तोवर दम धरावा लागतो. तुमी पोरी दम कुठं धरताय. लगीच ताई, ताई."

एक जण हसली, मग दुसरी. मलाही हसू आलं असतं. पण पाचव्या कॉम्प्युटरची मुलगी उठून उभी राहिली होती.

"म्हणजे आजोबा, माझे दोन्ही पेपर तुम्ही बुडवलेत?"

"तुझ्यासाठीच करत हुतो, पोरी," ते म्हणाले.

मी वायरीचं टोक त्यांच्या हातून घेतलं नाही. खिडकीतून आत येणाऱ्या लाईनीवर बोट ठेवलं आणि ते बोट सरकवत पहिल्या कॉम्प्युटरपर्यंत नेलं. मग त्याच्या मागून निघणारी दुसरी वायर दाखवली, तीच जी आता आजोबांच्या बोटांत होती. मी सांगितलं, नेट फक्त इथेच येतं. इथून या वायरीने डबीत आणि डबीतून सगळ्यांना. त्या चौघींचं सगळं यातूनच जातं, म्हणून हा दिवा जास्त नाचतो.

आजोबांनी स्वतः एकदा खिडकीपासून बोट फिरवलं. जुन्या टेबलाखाली वाकून पाहिलं.

"म्हंजी हे वावर न्हाई."

"नाही."

"हेडचं दार हाय."

कालव्याचं मला काही कळत नाही, पण मी हो म्हटलं. त्यांनी टोक डबीत बसवलं, टक् आवाज होईपर्यंत, आणि हलकंच ओढून पाहिलं. मग माठाजवळचा तांब्या विसळला आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवलेली होती. नेट दिवसभर गेलं नाही, आणि मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. संध्याकाळी एका मुलीची आई मुलीला न्यायला आली आणि दारातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "आजोबा न्हाईत व्हय आता?" मी म्हणाले, येतील. तिने मुलीची बॅग स्वतःच्या खांद्याला लावली. नेट दुरुस्त झालं तरी ही खोली जाऊ शकते, हे मला त्या बॅगेवरून कळलं.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाणं मला जमत नाही. वाटेत दोन वाक्यं पाठ केली होती. आजोबा शेळीपुढे घासगवत टाकत होते. मला पाहून त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझी दोन्ही वाक्यं गेली.

"मला न्हाई त्यातलं कळत," तेच म्हणाले. "पोरीचं नुकसान झालं. टेलवाल्याचं पानी तोडनाऱ्याला आमी जन्मभर शिव्या दिल्या."

"उद्या पहिल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी बसायला हवंय," मी म्हणाले. "रिकामा दिसला की कुणीतरी बंद करेल."

"आता कोन करतंय?"

"अध्यक्ष."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "त्येंची खोडच हाय ती. हॉलमधी भाषन चालू असतं आन हे मागनं पंखं बंद करत जात्यात." घासाची एक काडी त्यांनी शेळीच्या तोंडापुढे धरली. "मला काय करावं लागंल तिथं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"कायच न्हाई?"

"माऊसलाही हात लावायचा नाही."

"म्हंजी पाहुन्यावानी," ते म्हणाले. "जमंल."

रविवारी ते स्वच्छ टोपी घालून आले आणि पहिल्या कॉम्प्युटरसमोर, पडद्यापासून जरा लांब खुर्ची ठेवून, हात मांडीवर घेऊन बसले. अध्यक्ष वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसले. मी मुलींच्या मागे उभी राहिले. परीक्षा सुरू झाली आणि खोलीत फक्त माऊसचे टकटक आवाज राहिले.

निम्मा वेळ गेला असेल. अध्यक्षांचं वर्तमानपत्र वाचून संपलं. त्यांनी घडी घातली आणि ते खोलीभर बघू लागले. मला कळलं, आता हे बटणं बंद करणार.

"आजोबा, तुम्ही कुठली परीक्षा देताय? तलाठी का?" ते हळू आवाजात म्हणाले.

"हेडला बसलोय, साहेब."

"उठा. ते बंद करा. चौघी तर मुली आहेत, हा कशाला जाळायचा?" त्यांचा हात टेबलाखालच्या बोर्डाकडे गेला.

आजोबा उठले नाहीत. फक्त त्यांचा पाय बोर्डाच्या आड आला. "साहेब, आवर्तन चालू हाय. संपेस्तोवर हेडच्या दाराला कुनी हात लावायचा नसतो. तुमच्या उसाला पानी चाललं असतं तर लावला असता का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, चौघींचंही नेट त्यातून जातं," मी म्हणाले. "पेपर संपला की मी स्वतः बंद करेन." आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. एका मुलीने वळून पाहिलं आणि घाईने परत पडद्याकडे तोंड केलं. अध्यक्ष हात मागे घेऊन खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर थोड्याच वेळात पाचव्या कॉम्प्युटरवर पुढचा प्रश्न उघडेना. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मुलीचं तोंड उघडलं, तिची मान दाराकडे वळली. आजोबांनी ती वळताना पाहिली आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. त्यांची नजर डबीवर गेली. मग ते परत खाली बसले आणि त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरले. मुलीनेही तोंड मिटलं. चक्र आणखी काही वेळ फिरलं. प्रश्न उघडला.

शेवटचा पेपर तिचाच जमा झाला. पूर्ण. मार्क फार नव्हते, पण होते ते तिचे होते. तिने वही बॅगेत टाकली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "आजोबा, आज टेलला पाणी पोचलं."

"मार्क किती?"

"पुढच्या रविवारी सांगते."

अध्यक्षांनी खोलीचा एकेक कोपरा पाहिला आणि म्हणाले, "व्यायामाची यंत्रं व्हरांड्यात बसतील का ते मोजून घ्यायला सांगतो." खाली जाता जाता त्यांनी दाराजवळचा पंखा बंद केला.

"आता उठू का?" आजोबांनी मला विचारलं. मी कॉम्प्युटर बंद केला, मग ते उठले.

पुढच्या आठवड्यात मुलांच्या खोलीतले दोघं दारात आले. तुमच्या डबीत जागा रिकामी दिसते, आमच्याकडेही एक वायर टाका, म्हणाले. मी उत्तराचे शब्द जुळवत होते. आजोबा स्टुलावरून उठलेही नाहीत.

"आधी पोरींचं भरनं हुंदे," ते म्हणाले. "मग तुमचं बघू."